ब्लाझेनाबाईंचं एक मत

निवडणुकीला उभं राहायचं, हरायचं, जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं आणि फुलांचा गुच्छ घेऊन घरी जायचं, हे काम आमच्या ओल्शिनात ब्लाझेना कुक्लोवा इतकी वर्षं करत होती, की ते दुसऱ्या कुणी करावं असं कुणाच्या मनातही येत नसे. पक्षाच्या घटनेत लिहिलं होतं की जिल्हा अध्यक्षपदासाठी किमान दोन उमेदवार हवेत. एक ठरलेला, इंजिनियर राडोवान शेबेस्ता. दुसरा शोधायला निघालं की प्रत्येक कॉम्रेडचे गुडघे एकदम दुखायला लागायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "अहो, ब्लाझेनाबाई आहेत की!" आणि ब्लाझेनाबाई हातातलं विणकाम मांडीवर ठेवून म्हणायच्या, "पक्षाला गरज असेल तर राहते उभी."

मी यिर्झिना. सांस्कृतिक भवनातला बुफे माझा. मी कम्युनिस्ट नाही, आणि दुसरीही कुणी नाही. माझ्या काउंटरवर एका शनिवारी कम्युनिस्ट येतात, दुसऱ्या शनिवारी मधमाश्या पाळणारे, आणि गुलाश खारट झाल्याची तक्रार दोघंही त्याच तोंडाने करतात. पण ब्लाझेना, आमची ब्लाझा, माझी मैत्रीण, आणि जे घडलं ते सगळं माझ्या काउंटरवरून गेलं, तेव्हा सांगायचा हक्क माझाच.

ब्लाझा जवसाच्या धाग्यांच्या गिरणीत सूत कातायची. त्या खात्यात यंत्रांचा इतका गोंगाट असायचा की बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. तिथून दोन गोष्टी तिच्याबरोबर बाहेर आल्या. एक म्हणजे आवाज. ब्लाझाला कुजबुजता येतच नाही. तिने तुमच्या कानात गुपित सांगितलं की ते चौकातल्या पाववाल्यालाही कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे हेडविका. शेजारच्या यंत्रावरची. दोघी दिवसभर ओठांनी भांडायच्या आणि संध्याकाळी एकत्र घरी जायच्या. पुढे कम्युनिस्टांचं राज्य गेलं, गिरणी भंगारात गेली, पक्षातली निम्मी माणसं रातोरात दुसऱ्याच कुठल्या पक्षात उगवली. या दोघी जागच्या हलल्या नाहीत. ब्लाझाला मी एकदा विचारलंही, की बाई गं, तू का थांबलीस? ती म्हणाली, "सगळेच गेले तर खुर्च्या कोण लावणार?"

तिचा नवरा बोहुमीर म्हणजे वेगळीच वल्ली. चर्चमध्ये घंटा वाजवायचं काम त्याचं, आणि भक्ती अशी की उपासाच्या शुक्रवारी सॉसेजच्या वासानेही तोंड फिरवेल. पलंगाच्या वर त्याच्या बाजूला क्रूस आणि तिच्या बाजूला पक्षाचं कॅलेंडर. लग्न मात्र झकास चाललेलं. एक मे रोजी, कामगार दिनाला, पक्षाची मिरवणूक गिरणीच्या फाटकापासून निघून चौकात यायची आणि ब्लाझा तिथे भाषण करायची. चर्च त्याच चौकात. भाषण जरा रंगात आलं की वरून घंटा सुरू. दुपारची घंटा बाराला व्हायला हवी, पण एक मेला बोहुमीरचे बारा हटकून लवकर वाजायचे, आणि तो दोर सोडायचा ते सगळे पांगल्यावरच. ब्लाझाचं भाषण शेवटपर्यंत ऐकलेला माणूस अख्ख्या ओल्शिनात नव्हता. घंटेपुढे तिच्या गिरणीतल्या आवाजाचंही काही चालायचं नाही.

"माझ्या घड्याळाची चूक," बोहुमीर म्हणायचा.

"घड्याळाची नाही, तुझ्या पोपची," ब्लाझा म्हणायची आणि त्याच्या ताटात जास्तीचा डंपलिंग वाढायची.

तर निवडणूक. दर वेळी शेबेस्ताला सगळी मतं, ब्लाझाला एक. ब्लाझा स्वतः मत द्यायची शेबेस्ताला, कारण समितीची शिफारस तशी असायची आणि शिफारस म्हणजे तिच्या लेखी शिस्त. मग ते एक मत कुणाचं? तिने कधी विचारलं नाही. पण ते एक मत ती गुच्छासकट घरी न्यायची आणि आठवडाभर तिची स्वारी खुशीत असायची. "कुणीतरी एक जण आहे," मला म्हणायची, "ज्याला मी खरोखर अध्यक्ष व्हायला हवी आहे. वेडाच असेल, पण आहे."

एका हिवाळ्यात हेडविका गेली. त्यानंतरच्या निवडणुकीत ब्लाझाला मिळालं शून्य.

सभागृहात कुणाला काही वाटलं नाही. शेबेस्ताने वाकून आभार मानले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्लाझाने अभिनंदनाचं भाषण वाचलं, गुच्छ घेतला आणि सरळ माझ्या काउंटरवर येऊन बसली. "हेडविका होती ती," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "इतकी वर्षं मला एक शब्द बोलली नाही, मेली." मी तिच्यापुढे रम ठेवली.

घरी बोहुमीरने तिला हसवायचा प्रयत्न केला, म्हणजे त्याला जमतो तसा. "शून्य!" तो म्हणाला. "अगं, आमच्यात येशूला दगा देणाऱ्या यहूदालासुद्धा बारा शिष्यांतला एक म्हणून मोजतात."

"पुढच्या वेळी एक मत मिळवून दाखवते."

"दाखव. ज्याला तू खरंच हवी आहेस अशा माणसाचं एक मत मिळव, आणि एक मेला तुझा लाल झेंडा मी खांद्यावर घेतो. फादरच्या खिडकीखालून."

ही पैज दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत झाली, कारण ब्लाझाने ती मला दुकानाच्या रांगेत 'हळूच' सांगितली.

पुढची निवडणूक आली. फेब्रुवारीतला शनिवार, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि माझ्याकडे बटाट्याच्या सॅलडचे आणि उकडलेल्या अंड्याचे पाव, व्हिनेगरमध्ये मुरवलेली सॉसेजेस, आणि गुलाश. सकाळी दार उघडतेय तोच म्हातारा व्हेंडेलिन आला. रेल्वेतून निवृत्त झालेला, मतमोजणीचा प्रमुख. बिअर घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि पुढे वाकला.

"यिर्झिना, कुणाला बोलू नकोस. मी आज ब्लाझेनाबाईंना मत देतोय. माझी बायको आजारी होती तेव्हा रोज सूप आणून द्यायच्या त्या. शेबेस्ता काय, निवडून येणारच. बाईंना पुन्हा शून्य मिळालं तर बरं दिसत नाही."

"देवाचा माणूस आहेस रे," मी म्हटलं.

"शिस्तभंग आहे हा," तो म्हणाला आणि घाबरून अर्धी बिअर एका दमात प्यायला.

तो वळतो न वळतो तोच आनेझ्काबाई. शाळेत शिकवायच्या, अजून खडू हातात असल्यासारख्या बोलतात. "यिर्झिना, हे आपल्या दोघींत. मी आज एक लबाडी करणार आहे." त्यांचंही तेच. मग स्वेटरवाला एक जण, त्यालाही तो स्वेटर ब्लाझानेच विणून दिलेला. मग दोघं भाऊ, एकमेकांना चोरून, एक दारातून आणि दुसरा खिडकीतून वाकून. प्रत्येक जण येतोय, इकडेतिकडे बघतोय, पुढे वाकतोय, "कुणाला बोलू नकोस" म्हणतोय आणि दयाळू चेहऱ्याने सॉसेज खातोय. मला आतून हसू इतकं फुटत होतं की मोहरीच्या सॉसची बाटली दोनदा हातातून निसटली.

आणि सगळ्यांत शेवटी कोण यावं? खुद्द शेबेस्ता! बगलेत चामडी बॅग, चेहरा घामाने डबडबलेला.

"यिर्झिनाबाई, तुम्ही काही ऐकलं नाही असं समजा."

"नाहीच ऐकलं, इंजिनियरसाहेब. बोला."

"माझं मत मी कॉम्रेड कुक्लोवांना देतोय. मला एक कमी पडल्याने काय बिघडतंय? त्यांना मात्र..." त्याने हात हलवला. "मागच्या वेळी त्यांनी तो गुच्छ कसा धरला होता, ते मला अजून दिसतं हो."

आता मी बोलायला हवं होतं का? मी तेवढ्या सगळ्यांना शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर इतकी मजा त्या सांस्कृतिक भवनात नवीन वर्षाच्या नाचालाही येत नाही. मी तोंडाला कुलूप लावलं आणि गुलाश ढवळत बसले.

मतदान पडद्यामागे झालं. मग व्हेंडेलिन पेटी घेऊन मोजायला कोट ठेवायच्या खोलीत गेला, तो बाहेरच येईना. मी बिअर घेऊन आत डोकावले. तो आणि त्याचे दोन मदतनीस टेबलावर वाकलेले. एका बाजूला चिठ्ठ्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला एकच चिठ्ठी.

"चुकलंय," व्हेंडेलिन म्हणाला. "पुन्हा मोजा."

"चौथ्यांदा मोजतोय, कॉम्रेड."

"मग उलटीकडून मोजा!"

शेवटी तो सभागृहात आला. हातात कागद, चष्मा नाकाच्या टोकावर. "कॉम्रेड शेबेस्ता," तो म्हणाला आणि पाणी प्यायला. "एक मत. कॉम्रेड कुक्लोवा... बाकीची सगळी."

मग माना वळायला लागल्या. आनेझ्काबाईंनी व्हेंडेलिनकडे बघितलं, व्हेंडेलिनने स्वेटरवाल्याकडे, एका भावाने दुसऱ्या भावाकडे. प्रत्येकाच्या तोंडावर एकच प्रश्न, अरे, तू पण? सभागृहात आपण एकटेच दयाळू आहोत असं प्रत्येकाला वाटलं होतं! मी तोंडात टॉवेल कोंबला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं, "एक मत! म्हणजे साहेबांनी स्वतःलाच दिलं की!"

हशा पिकला. शेबेस्ता लालबुंद. बिचारा उठला, बसला, पुन्हा उठला. खरं बोलावं तर कोण विश्वास ठेवणार, आणि मी तर काही ऐकलंच नव्हतं. त्याची ती अवस्था बघून मी तोंडातला टॉवेल काढला.

मग ब्लाझा उभी राहिली. गिरणीतल्या आवाजात म्हणाली, "गप्प बसा रे! ते एक मत माझं आहे. समितीची शिफारस कॉम्रेड शेबेस्तांची होती. तुम्ही कुणीच शिफारस वाचत नाही का?"

आता तर छप्पर उडायची वेळ आली. व्हेंडेलिन चष्मा काढून डोळे पुसत होता, आनेझ्काबाई हुंदके देऊन हसत होत्या. नव्या अध्यक्षांनी भाषण करायचं असतं, पण ब्लाझाच्या खिशात एकच भाषण होतं, दर वेळचं. तिने तेच उघडलं आणि सवयीने वाचलं, "विजयी कॉम्रेड शेबेस्ता यांचं मी मनःपूर्वक अभिनंदन करते." शेबेस्ताही सवयीने उठला आणि वाकून आभार मानता झाला. सगळ्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. लाल कार्नेशनचा गुच्छ धरून उभ्या असलेल्या आनेझ्काबाईंना काही सुचेना, तेव्हा त्यांनी तो शेबेस्ताच्या हातात कोंबला. तो घेऊन बिचारा घरी गेला तर बायको म्हणाली, "कोण वारलं?"

रात्री सगळे पांगल्यावर ब्लाझा काउंटरवर येऊन बसली. विजेत्याला मिळणारी दारूची बाटली तिच्यापुढे, न उघडलेली. मला वाटलं आनंदाने नाचेल.

"यिर्झिना, तुला माहीत होतं?"

"होतं."

"सगळ्यांना माझी दया आली."

ती बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होती.

"हेडविकाला माझी दया कधीच आली नाही गं," ती म्हणाली. "ती मला शिव्या घालायची. तिला मी हवी होते म्हणून ती मत द्यायची. हे म्हणजे चर्चच्या दारातली भीक झाली."

नेमकं हेच बोहुमीरही म्हणाला, नालायक. "भिकेचं मत मी धरत नाही. भीक काय असते ते आमच्याकडून शीक." पैज काही फिटली नाही. त्या एक मेला ब्लाझा चौकात अध्यक्ष म्हणून पहिल्यांदा बोलायला उभी राहिली आणि बोहुमीरची घंटा नेहमीसारखी लवकर सुरू झाली.

पण अध्यक्ष तर झाली होती. आणि पक्षाने सांगितलेलं काम ब्लाझा अर्धवट सोडत नाही. तिने पहिल्याच सभेत सगळे अहवाल बंद केले. "ज्याला अहवाल वाचायचाय त्याने घरी मांजरासमोर वाचावा," म्हणाली. दवाखान्यासमोरच्या बसथांब्याला छप्पर नव्हतं, म्हाताऱ्या बर्फात उभ्या राहायच्या. ब्लाझा विणकाम घेऊन नगरपालिकेत जाऊन बसायला लागली. रोज. नगराध्यक्षांच्या दारासमोर, आल्यागेल्याशी बोलत. कुजबुजता येत नाही म्हटलं ना मी? आत नगराध्यक्षांना फोनवर स्वतःचा आवाज ऐकू येईना. छप्पर झालं, खाली बाकही झालं. सभा लवकर संपायला लागल्या, लोक यायला लागले, आणि एकदा तर शेबेस्ताच मला म्हणाला, "यिर्झिनाबाई, गेली वीस वर्षं मी शनिवारी मासे पकडायला गेलो नव्हतो हो!" तो उन्हाने तांबूस झाला होता. पोट उतरलं होतं. दहा वर्षांनी लहान दिसत होता.

पुन्हा फेब्रुवारी आला. पुन्हा दोन उमेदवार हवेत. शेबेस्ता म्हणाला, "मी राहतो की उभा हरायला. फक्त लवकर उरका, तळं गोठलंय, बर्फाला भोक पाडून ठेवलंय."

निवडणुकीच्या सकाळी मी धास्तीतच दार उघडलं. मी या लोकांना ओळखते. शेबेस्ताचं आता वाईट वाटणार, प्रत्येक जण हळूच त्याला मत देणार, तो मासेमारी सोडून पुन्हा खुर्चीत बसणार, आणि ब्लाझाला कळणार की ती फक्त एकदाची गंमत होती. मी ठरवलंच होतं. पहिला जो कुणी पुढे वाकेल त्याच्या डोक्यात पळी घालायची.

व्हेंडेलिन आला. बिअर घेतली. मी पळी घट्ट धरली.

"गुलाश खारट झालाय," तो म्हणाला आणि गेला.

आनेझ्काबाई आल्या, अंड्याचा पाव घेतला, गेल्या. स्वेटरवाला, नवा स्वेटर. दोघं भाऊ, दोघंही दारातूनच. कुणी इकडेतिकडे बघितलं नाही. कुणी पुढे वाकलं नाही. एकाच्याही पोटात गुपित नव्हतं, नुसती सॉसेजेस होती. मी इतकी हरखले की शेवटच्या चौघांना मोहरी फुकट दिली.

या वेळी व्हेंडेलिन कोट ठेवायच्या खोलीतून लगेच बाहेर आला. "कॉम्रेड शेबेस्ता, एक मत. कॉम्रेड कुक्लोवा, बाकीची सगळी."

शेबेस्ता उडी मारून उठला, गुच्छ घेतला आणि जवळजवळ पळतच तळ्याकडे गेला. ब्लाझा व्यासपीठावर उभी होती आणि तिच्या हातात नवं भाषण होतं, पण तिला वाचता येत नव्हतं, कारण ती रडत होती. तेही मोठ्यानेच.

ते एक मत कुणाचं, हे मला विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं.

"राडोवानला शून्य मिळायला नको," ती नाक पुसत म्हणाली. "शून्य फार वाईट असतं गं."

मी एप्रन काढला, बर्फातून थेट चर्चमध्ये गेले आणि घंटेच्या मनोऱ्याखालून ओरडले, "बोहुमीर! खाली ये! आज माझ्याकडे एकही माणूस कुजबुजायला आला नाही. एकही!"

तो जिना उतरून आला. "एकही नाही?"

"तुझ्या देवाची शपथ."

"तुझा विश्वास तरी आहे का त्याच्यावर?" तो म्हणाला. पण हसत होता, आणि मला तो चक्क अभिमानाने फुगलेला दिसला.

एक मेला ऊन स्वच्छ होतं. गिरणीच्या फाटकापासून बँड निघाला आणि त्याच्यापुढे, रविवारचा काळा कोट घालून, खांद्यावर लाल झेंडा घेऊन बोहुमीर. फादर खिडकीत आले, त्यांनी आधी डोळे चोळले आणि मग हात वर करून आशीर्वाद दिला, झेंड्याला की बोहुमीरला ते कळलं नाही. मागे व्हेंडेलिन हसून हसून तोल जाऊन बँडच्या ढोलावर आपटला.

चौकात ब्लाझा बोलायला उभी राहिली. ती बोलत होती, बोलत होती, आणि सवयीने मधूनमधून मनोऱ्याकडे बघत होती. घंटा वाजेना. वाजवणार कोण? वाजवणारा तिच्याशेजारी झेंडा धरून घामाघूम उभा होता. त्या दिवशी ओल्शिनात दुपारचे बारा वाजलेच नाहीत. घरोघरी डंपलिंग गिचका झाले, माझा गुलाश तळाला लागला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही ब्लाझेना कुक्लोवाचं भाषण शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

भयंकर कंटाळवाणं होतं. टाळ्या थांबतच नव्हत्या, आणि सगळ्यांत जोरात ओरडत होता बोहुमीर, झेंडा सांभाळत, "अजून बोल, ब्लाझा! अजून बोल!"